शहापूर तालुक्यात दहा गुंठ्यांवर तिलापिया : शेततळे की बायोफ्लॉक?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. शहापूर तालुक्यात आईच्या नावावर भातशेती असून त्यातील साधारण दहा गुंठ्यांचा सखल तुकडा पावसाळी भातापलीकडे काही देत नाही. शेजारी कूपनलिका आहे. तेथे लहान प्रमाणावर तिलापिया, म्हणजे चिलापी मासा, पाळण्याचा विचार आहे. एका विक्रेत्याने दहा हजार लिटरच्या सहा बायोफ्लॉक टाक्या (ज्यांत जिवाणूंकरवी पाणी स्वच्छ ठेवून दाटीने मासे वाढवतात), बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले आणि खाद्य असे सगळे एकत्र देण्याची तयारी दाखवली असून तयार मासा आम्हीच परत घेऊ, असेही तो म्हणतो. गावातील मंडळी मात्र साधे शेततळे खोदायला सांगतात. मला आठवड्यातून दोनच दिवस गावी जाता येते, एरवी तेथे आई आणि धाकटे काका असतात. यांपैकी काय करावे, परवानगी कोणाची लागते आणि समुद्राच्या मासळीवर वाढलेल्या आपल्या भागात हा मासा विकला जातो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शेततळेवाला, मुरबाड

आपण आठवड्यातून दोनच दिवस जाणार असाल तर बायोफ्लॉकचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगतो. त्या पद्धतीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया जिवाणूंकडून संपवून घ्यायचा असतो. त्यासाठी पाण्यात गूळ किंवा मळी घालून जिवाणू वाढवावे लागतात, आणि तेही प्राणवायू वापरतात, म्हणून हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवावा लागतो. दाट भरलेल्या टाकीत पंप थांबला तर तासाभरातही मासे मरू शकतात. पावसाळ्यात गावाकडे वीज किती वेळा जाते हे आपल्याला ठाऊकच आहे. जनरेटर घेतला तरी मध्यरात्री उठून तो सुरू कोण करणार, हे आधी घरात ठरवावे.

आता शेततळ्याकडे वळू. दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. बांध आणि सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) वजा केल्यावर पाण्याखाली सातशे चौरस मीटर राहतील असे धरू. चौरस मीटरला तीन बोटुकल्या सोडल्या तर एकवीसशे होतात. त्यांतील ऐंशी टक्के जगल्या आणि सहा महिन्यांत सरासरी चारशे ग्रॅमच्या झाल्या, तर साडेसहाशे ते सातशे किलो मासा निघेल. एक किलो मासा तयार व्हायला साधारण दीड किलो खाद्य लागते, म्हणजे जवळपास एक टन खाद्य विकत घ्यावे लागेल. खर्चाचा सर्वांत मोठा भाग हाच असतो, त्यामुळे खाद्याच्या किलोमागच्या दराला दीडने गुणून येणारा आकडा माशाच्या विक्रीदराशेजारी लिहून पाहावा. त्या दोन आकड्यांत जे अंतर उरेल त्यातूनच बोटुकली, वीज, मजुरी आणि तळ्याचा खर्च भागवायचा आहे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे गणित सहसा नसते.

माझ्या मते मात्र आपल्यापुढचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. भातसा आणि तानसा ही मोठी धरणे ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत बाष्पीभवनाने रोज सहा मिलीमीटर पाणी उडते असे धरले, तर सातशे चौरस मीटरच्या तळ्यातून दररोज चार हजार लिटरपेक्षा अधिक पाणी जाते. जमीन मुरमाड असेल तर पाझर वेगळा, आणि मग प्लास्टिक अस्तराशिवाय इलाज नाही. म्हणून कूपनलिका मे महिन्यात सलग किती तास चालते हे पाहण्यापूर्वी खोदकामाचे यंत्र बोलावू नये. कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा ते थेट तळ्यात न सोडता उंचावरून फवाऱ्यासारखे पडू द्यावे.

रोजची देखरेख काकांना सहज जमेल. तरंगते खाद्य टाकल्यावर ते पंधरा-वीस मिनिटांत संपते की नाही, एवढे पाहायचे; दाणे तरंगत राहिले तर पुढच्या वेळी कमी टाकायचे. पहाटे उजाडण्याच्या सुमारास मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद ठेवून ताजे पाणी सोडायचे. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे असे हमखास घडते. दर पंधरा दिवसांनी पाग (फेकून टाकायचे जाळे) टाकून वीस-पंचवीस मासे तोलावेत, म्हणजे खाद्य अंगी लागते आहे की नाही ते समजते.

मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी

वरील उत्तर उत्तम आहे. मी केवळ परवानगी आणि बीज यांविषयी लिहितो. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. तो दोन-तीन महिन्यांचा होताच अंडी घालू लागतो, त्यामुळे जलाशयांत त्याची संख्या बेसुमार वाढली, मासा लहान राहिला आणि स्थानिक जातींना त्रास झाला. परिणामी १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली. पुढे फिलिपाइन्समध्ये १९८८ पासून नाईल तिलापियाच्या निवड पैदाशीतून ‘गिफ्ट’ हा वेगाने वाढणारा वाण तयार झाला, आणि २००९ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना आखून तिलापिया पालनाला अटींसह मुभा दिली. म्हणून आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात रीतसर अर्ज करावा. मासा ओढ्यात निसटू नये म्हणून सांडव्यावर बारीक जाळी असणे आणि बांध पुराच्या पातळीच्या वर असणे, यावर विभागाचा कटाक्ष असतो, आणि तो रास्तच आहे.

बोटुकली सर्व-नर असावी, अन्यथा तीन महिन्यांत तळे पिल्लांनी भरेल आणि आपले खाद्य त्यांच्या पोटात जाईल. विजयवाड्याजवळ राजीव गांधी जलकृषी केंद्राचा ‘गिफ्ट’ पैदास प्रकल्प आहे. बीज कोठूनही घ्या, परंतु मूळ कोणत्या केंद्राचे हे सांगणारी पावती नसेल तर घेऊ नका.

जमीन आईंच्या नावावर आहे, हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवलेली आहे. अर्ज त्यांच्याच नावाने करावा. मात्र अनुदान हाती येईपर्यंत खर्च स्वतःच्या खिशातून भागवण्याची तयारी ठेवावी.

मासळी व्यापारी, भिवंडी

विक्रीविषयी थोडे लिहितो. आपल्या आगरी-कोळी घरांत पापलेट, बोंबील आणि जिताड्यापुढे चिलापीला फारसे कोणी विचारत नाही, हे खरे आहे. परंतु भिवंडी, मुंब्रा, उल्हासनगर येथे गोड्या पाण्यातील मासा आवडीने खाणारा मोठा ग्राहक आहे, आणि त्याला मासा शक्यतो जिवंत हवा असतो. बर्फातला माल व्यापाऱ्याच्या दराने जातो. टाकीत हवा सोडून जिवंत आणलेल्याला चांगला भाव मिळतो. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा आपला माल बाजारात यावा अशा बेताने बीज सोडावे. श्रावण लागला की मागणी पडते. शिवाय एकाच दिवशी सगळे तळे उपसू नये, आठवड्याला शंभर किलोच काढावा. मासा परत विकत घेण्याच्या वचनाबद्दल एवढेच विचारावे की दर आजच करारात लिहून देणार का. माझ्या पाहण्यात तसे लिहून देणारा अद्याप आलेला नाही.

ऐरोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टाक्यांचा प्रस्ताव मी नाकारतो आहे. एक शंका मात्र उरते : जून-जुलैत माल हवा असेल तर जानेवारीअखेर बीज सोडावे लागेल आणि नेमक्या टंचाईच्या महिन्यांत तळे भरलेले ठेवावे लागेल. कूपनलिका तेवढी चालली नाही तर काय करावे?

शेततळेवाला, मुरबाड

तसे झाल्यास तिलापियाचा हट्ट धरू नये. जुलै-ऑगस्टमध्ये तळे पावसाने भरल्यावर रोहू, कटला आणि मृगळ यांची मोठी बोटुकली विरळ सोडावी आणि पाणी आटण्यापूर्वी, मार्चपर्यंत काढून घ्यावी. हिवाळ्यात पाणी वीस अंशांखाली गेले की तिलापियाची भूक मंदावते, त्यामुळे पावसाळी हंगामात तो धरला तर डिसेंबर-जानेवारीचे खाद्य अंगी लागत नाही. रोहू-कटल्यासारखे हे कार्प मासेही थंडीत सावकाश वाढतात, परंतु त्यांना सर्व-नर बीज लागत नाही आणि साठलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून पिल्लांची गर्दी होण्याची भीती नसते. कूपनलिकेचा मे महिन्यातील अंदाज आला की येथे कळवावे, मग तळ्याची खोली किती ठेवायची ते ठरवू.