अण्णांना आयसीडी (ठोके बिघडले तर हृदयाला शॉक देणारं मशीन) बसवावं का? वय ७७, शुगर, किडनी

प्रश्न (होटगी रोड, सोलापूर)
अण्णा अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. चार वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला. परवाच्या इकोत हृदयाचं पंपिंग २८ टक्केच निघालं. डॉक्टर म्हणाले, आयसीडीचा विचार करता येईल, पण घाई नको. शुगर वीस वर्षांची, क्रिएटिनिन २.९, म्हणजे किडनी कमजोर. बिड्या सुटल्या, धाप नाही सुटली. पुण्यातला भाऊ म्हणतो, पैशाकडं बघू नको, बसवून टाक. मला अडचण पैशाची नाही ओ, अण्णांना नक्की काय मिळणार ते कळत नाहीये. गड्ड्याच्या यात्रेआधी ठरवायचंय.

उत्तर १
मी पेसमेकर, आयसीडी तपासणारा टेक्निशियन आहे. हे मशीन पंपिंग वाढवत नाही, धापही कमी करत नाही. ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देतं, म्हणजे एकाच प्रकारचं मरण अडवतं. अटॅकनंतर पंपिंग ३० किंवा त्याखाली असलेल्यांवरचा मॅडिट-२ अभ्यास २००२ साली आला, त्यात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण त्यांचं सरासरी वय चौसष्टच्या आसपास होतं. वय वाढलं, किडनी, फुप्फुस थकलं की माणूस जातो तो बहुधा दुसऱ्याच कारणानं, तिथं शॉक काय करणार? डायलिसिसवाल्यांना आधीच खबरदारी म्हणून आयसीडी बसवून पाहिलं, २०१९ च्या त्या अभ्यासात फायदा दिसला नाही. तुमचे अण्णा डायलिसिसवर नाहीत, हा फरक आहेच. नुसतं वय बघून नाही म्हणू नका. धडधाकट पंचाहत्तरीचे लोक तपासणीला स्वतः बसनं येतात माझ्याकडं. एक वर्षाहून जास्त, बऱ्या अवस्थेतलं आयुष्य अपेक्षित आहे का, हे डॉक्टरांना थेट विचारा. आणि हो, हृदयाच्या गोळ्या पूर्ण डोसवर तीन महिने झाल्यात का?

उत्तर २
माझं वय ५१, बाकी आजार नाही. गेल्या वर्षी बाजार समितीत कांद्याच्या पट्टीवर सही करताना शॉक बसला, पेन कुठं उडालं कळलं नाही. मशीन नसतं तर हे लिहायला मी नसतो. पण माझं बघून तुम्ही ठरवू नका.

उत्तर ३
दादा, माझ्या सासूबाईंना बसवलं होतं. शेवटी किडनी गेली, त्या आठवड्यात दोनदा शॉक बसले. शॉक बंद करून ठेवता येतात, ऑपरेशन लागत नाही, हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बसवलंत तर ते बोलणं त्याच दिवशी करून घ्या.

प्रश्नकर्ता
सगळं अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, ती सोय चांगलीच. पण मागच झिजलाय, त्याचं काय?" मग चहा मागितला, बिनसाखरेचा. सोमवारी किडनीच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना एकत्र भेटतोय. भावालाही फोनवर घेणार आहे, त्यालाच जास्त ऐकायला हवंय.