‘किमान एकदा’ दिसलं की उलटीकडून मोजा
फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडण्याची शक्यता १/६ ची चौपट, म्हणजे ४/६, असं कधी कधी मांडलं जातं. हे पटत नाही. त्याच हिशोबाने सात वेळा टाकल्यावर ती ७/६ होईल, आणि शक्यता तर १ च्या वर जातच नाही! ज्या खेळीत दोनदा सहा पडतात, ती या बेरजेत दोनदा मोजली जाते, चूक तिथे आहे. भाचीला शिकवताना मीही आधी ‘एकदा, दोनदा, तीनदा’ असे वेगवेगळे प्रकार मांडत बसलो आणि ती पार वैतागली. मग विचारलं, एकदाही सहा न पडण्याची शक्यता किती? दर खेपेला ५/६, म्हणजे चार खेपांना ६२५/१२९६. हे १ मधून वजा केलं की ६७१/१२९६, सुमारे ५१.८ टक्के. तिचं तिनेच काढलं.

हा गोंधळ जुना आहे. १६५४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ पास्कलने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात द मेरे या गृहस्थाची अडचण येते: एका फाशावर सहा पडण्याची शक्यता निम्म्याच्या वर न्यायला चार खेपा पुरतात, तर दोन फाशांवर जोडीने सहा यायला २४ का पुरू नयेत? एका फाशाचे निकाल ६, दोन फाशांचे ३६; ४ ला ६ तसे २४ ला ३६, प्रमाण तर तेच. पण १ मधून ३५/३६ चा २४ वा घात वजा केला की उरतात ४९.१ टक्के. निम्म्याच्या वर जायला २५ खेपा लागतात.