दौऱ्याची बातमी तिकिटे संपण्याआधी कळावी यासाठी काय करावे?

सांगलीचा श्रोता

नमस्कार. मी सांगलीत राहतो. परदेशी कलावंतांचे आणि मोठ्या भारतीय गायकांचे कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकायला मिळावेत अशी मनापासून इच्छा असते. मात्र दौऱ्याची बातमी माझ्यापर्यंत पोहोचते तेव्हा ती बहुधा तिकिटे संपल्याचीच बातमी असते. सवाई गंधर्व महोत्सवाच्या बाबतीत ही अडचण कधी आली नाही. तो १९५३ पासूनचा आहे, डिसेंबरात पुण्यात होतो हे सर्वांना ठाऊक असते, आणि नोव्हेंबर उजाडला की माणूस आपोआप चौकशीला लागतो. जगभर फिरणारा एखादा वाद्यवृंद भारतात केव्हा येणार, याचा असा कोणताही ठरलेला महिना नसतो. त्यात सांगलीहून जायचे म्हणजे रजा, प्रवास आणि मुक्काम यांची जुळवाजुळव आधी करावी लागते, त्यामुळे बातमी दोन दिवस उशिरा कळली तरी सगळेच हुकते.

माझे प्रश्न असे आहेत: बातमी सर्वांत आधी कोठे येते? घोषणा आणि विक्री यांत साधारण किती अवधी मिळतो? आणि विशिष्ट बँकेच्या कार्डधारकांना तिकिटे आधी मिळतात असे ऐकतो, तर ते कार्ड नसलेल्या माणसाला खरोखरच संधी असते का?

नेरूळचा रहिवासी

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची तयारी त्यावरच अवलंबून आहे. हा अवधी फार थोडा असतो. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आणि त्याच आठवड्यात, रविवारी २२ सप्टेंबरला दुपारी १२ वाजता, बुकमायशो या तिकीटविक्रीच्या ॲपवर विक्री सुरू झाली. कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये होते, म्हणजे प्रवासाची तयारी करायला चार महिने होते. तिकिटासाठी मात्र मोजके दिवस. म्हणून विक्रीची तारीख शोधत बसण्यापेक्षा घोषणा ज्या दिवशी होईल त्याच दिवशी ती आपल्यापर्यंत येईल, अशी व्यवस्था करून ठेवावी.

त्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे कलावंताच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ईमेल नोंदवणे. समाजमाध्यमांवर खाते अनुसरले तरी पुरत नाही, कारण कोणती नोंद आपल्याला दाखवायची हे तेथे आपण ठरवत नाही, आणि घोषणेची नोंद इतर शंभर गोष्टींखाली सहज दबून जाते. दुसरा मार्ग म्हणजे साँगकिक आणि बँड्सइनटाउन यांसारखी ॲप्स. त्यांत आवडते कलावंत आणि शहर नोंदवले की नवा कार्यक्रम जाहीर झाल्यावर सूचना येते. येथे एक काळजी घ्यावी: शहर म्हणून सांगली नोंदवून उपयोग नाही, कारण असे कार्यक्रम तेथे होत नाहीत. केवळ मुंबई नोंदवणेही पुरेसे नाही. ब्रिटिश गायक एड शीरनने मार्च २०२४ मध्ये मुंबईत कार्यक्रम केला, पण २०२५ च्या दौऱ्यात पुणे, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर, शिलाँग आणि दिल्ली परिसर होता, मुंबई नव्हती. दिलजीत दोसांझच्या २०२४ च्या दौऱ्यातही पहिल्या यादीत पुणे होते आणि मुंबई नव्हती; मुंबईचा १९ डिसेंबरचा कार्यक्रम दौरा सुरू झाल्यानंतर जोडला गेला. आपल्यासाठी पुणे तर मुंबईपेक्षा जवळचे. तेव्हा पुणे, मुंबई आणि बंगळूर अशी तिन्ही शहरे नोंदवावीत.

आणखी एक सवय मला फार उपयोगाची वाटते, ती म्हणजे आशियातील तारखा वाचण्याची. एवढे सामान आणि एवढी माणसे घेऊन निघालेला दौरा एकट्या भारतासाठी सहसा येत नाही. तो आखाती देशांतून किंवा पूर्व आशियातून जाता-येता येथे थांबतो. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईच्या आधी अबुधाबीत होते, आणि एड शीरन पुण्याच्या ३० जानेवारीच्या कार्यक्रमाच्या काही दिवस आधी भूतानमध्ये गायला होता. आपल्या आवडत्या कलावंताने अबुधाबी किंवा सिंगापूर जाहीर केले आणि पुढे दहा-पंधरा दिवस मोकळे दिसले, तर भारताची घोषणा होईलच असे नाही, पण त्या काळात रोज ईमेल पाहावा एवढे कारण नक्कीच असते.

पुण्याची वाचक

कार्डाबद्दल लिहिते. पूर्वविक्री, म्हणजे सर्वांसाठी विक्री खुली होण्याआधी ठरावीक लोकांना तिकिटे देणे, आता अपवाद राहिलेली नाही. दिलजीत दोसांझच्या त्याच दौऱ्यात एचडीएफसी बँकेच्या पिक्सेल क्रेडिट कार्डधारकांसाठी १० सप्टेंबर २०२४ ला तिकिटे खुली झाली आणि सर्वांसाठी १२ सप्टेंबरला. पूर्वविक्रीत सवलतीचे दर असतील तर ते तेथेच संपतात, हे खरे आहे. तरीही केवळ एका कार्यक्रमासाठी क्रेडिट कार्ड काढू नये असे माझे ठाम मत आहे, कारण पुढचा आयोजक दुसऱ्याच बँकेशी करार करतो. घरात, नात्यात किंवा कचेरीत कोणाकडे ते कार्ड आहे का हे घोषणेच्या दिवशीच विचारून ठेवावे. कार्ड नसेल तर सर्वसाधारण विक्रीतही तिकिटे असतात. केवळ स्वस्त विभागाचा आग्रह किती धरायचा, हे आधी ठरवलेले असावे.

लंडनस्थित मराठी

येथील पद्धत थोडी वेगळी आहे, आणि या सदरात परदेशातील मराठी मंडळीही वाचतात म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये ओटू या दूरध्वनी कंपनीच्या ग्राहकांना अनेक कार्यक्रमांची तिकिटे सर्वसाधारण विक्रीच्या ४८ तास आधी घेता येतात. काही कलावंत आपल्या ईमेल यादीतील लोकांना पूर्वविक्रीचा संकेतांक पाठवतात, त्यामुळे वर नेरूळच्या सदस्यांनी सांगितलेली नोंदणी येथे केवळ बातमीसाठी नव्हे तर प्रत्यक्ष तिकिटासाठी लागते. ओएसिस या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या पुनर्मीलनाची घोषणा २७ ऑगस्ट २०२४ ला झाली आणि सर्वसाधारण विक्री ३१ ऑगस्टला. त्याआधीच्या पूर्वविक्रीच्या सोडतीत नाव घालण्याची मुदत घोषणेनंतर दुसऱ्याच दिवशी संपली. ज्यांनी शनिवार-रविवारी निवांत बातम्या वाचल्या, त्यांच्यासाठी सोडतीचा मार्ग केव्हाच बंद झालेला होता.

सांगलीचा श्रोता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिन्ही शहरे आजच नोंदवली. एक शंका उरते: विक्रीच्या दिवशी तिकीट मिळालेच नाही तर पुढे काही वाट असते का? समाजमाध्यमांवर ‘दोन तिकिटे शिल्लक’ अशा जाहिराती दिसतात, त्यांवर विश्वास ठेवावा का?

नेरूळचा रहिवासी

वाट असते, आणि याच कारणासाठी पहिल्या दिवसानंतर ईमेलची नोंदणी रद्द करू नये. कोल्डप्लेच्या विक्रीच्या दिवशी आधी १८ आणि १९ जानेवारी अशा दोनच तारखा होत्या. मागणी पाहून २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम त्याच दुपारी जोडला गेला. तेव्हा पडद्यावर कितीही मोठा रांग-क्रमांक दिसला तरी रांग सोडू नये. पुढे अहमदाबादचे २५ आणि २६ जानेवारीचे कार्यक्रम जाहीर झाले, तेही सप्टेंबरमध्ये नव्हे तर नोव्हेंबरमध्ये. त्याच महिन्यात या वाद्यवृंदाने ‘इन्फिनिटी’ नावाची तिकिटे खुली केली: प्रत्येकी सुमारे २,००० रुपये, जोडीनेच घ्यायची, आणि जागा कोणती हे तिकीट हाती घेतानाच कळणार. ज्यांनी सप्टेंबरमध्येच आशा सोडली, त्यांतील अनेकांना याचा पत्ताही लागला नसेल.

जाहिरातींबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्या वेळी पुनर्विक्रीच्या परदेशी संकेतस्थळांवर तिकिटे लाखांच्या घरात मागितली जात होती, आणि आपला त्यांच्याशी कोणताही संबंध नाही असे बुकमायशोला जाहीर करावे लागले. अनोळखी माणसाने पाठवलेले तिकिटाचे छायाचित्र हे तिकीट नव्हे. तेच छायाचित्र दहा जणांना विकता येते आणि प्रवेशद्वारावर ते एकदाच चालते. ज्या ॲपवर मूळ विक्री झाली, त्यावरच परतावा, हस्तांतर किंवा अधिकृत पुनर्विक्रीची सोय आहे का ते पाहावे.

पुण्याची वाचक

एक लहान भर. विक्रीच्या आदल्या दिवशी ॲपमध्ये प्रवेश करून मोबाइल क्रमांक, ईमेल आणि पैसे भरण्याचा मार्ग तपासून ठेवावा. एका व्यक्तीला किती तिकिटे मिळतील याची मर्यादाही पाहावी, कारण कोल्डप्लेच्या वेळी ती विक्रीआधी आठवरून चारवर आणली गेली होती. चारांपेक्षा मोठा गट असेल तर कोण कोणासाठी काढणार हे आदल्या दिवशीच ठरलेले बरे.