जुना गेम नव्या कन्सोलवर: दोष आमच्या वयाचा की त्यांच्या कामाचा?

खडूस_खेळिया:
परवा एकाने लिहिलं, "गेम तोच असतो, तुम्ही म्हातारे झालेले असता, म्हणून रीमास्टर फिका वाटतो." (रीमास्टर म्हणजे जुनाच गेम नव्या यंत्रासाठी घासूनपुसून पुन्हा काढलेला.) वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

जीटीए ट्रिलजीची, म्हणजे त्या मालिकेतल्या तीन जुन्या गेमच्या संचाची, 2021ची डेफिनिटिव्ह एडिशन घ्या. त्यातल्या सॅन अँड्रियासमध्ये टफ नट डोनट्स या दुकानावरचा तो भलामोठा बोल्टचा नट आठवतोय? सहा कोनांचा. सगळी गंमत त्या कोनांत. नव्या आवृत्तीत कडा घासून गुळगुळीत केल्या आणि उरलं नुसतं गोल कडं. हे माझ्या वयामुळे झालं का? पावसाच्या पांढऱ्या रेघा इतक्या जाड की गाडी कुठे चाललीय ते दिसेना. त्यात धुकं काढून टाकलं! पीएस 2 ला (जुन्या प्लेस्टेशन 2 कन्सोलला) लांबचं दाखवणं झेपत नव्हतं म्हणून तो धूसरपणा होता, मान्य. पण त्यामुळेच तर नकाशा अफाट वाटायचा. नवी आवृत्ती आली तेव्हा त्यातल्या माउंट चिलियाड डोंगरावर उभं राहिलं की अख्खी शहरं चार पावलांवर दिसायची. 2012च्या सायलेंट हिल एचडी या भीतीच्या गेममध्येही धुक्याची अशीच वाट लागली. तिथे तर मूळ गेमचा अंतिम कोडच जपलेला नव्हता, अर्धवट कोडवर काम उरकलं.

ट्रिलजीबद्दल रॉकस्टार या कंपनीने जाहीर माफी मागितली होती. माझं वय वाढल्याबद्दल मागितली असेल.

दुसरा_कंट्रोलर:
आला जीटीए! दरवेळी तेच एक मढं उकरून काढायचं. मेट्रॉइड प्राइम रीमास्टर्ड खेळलात का, 2023चा? मूळ गेममध्ये, जुन्या गेमक्यूब कन्सोलवर, नुसतं वर बघायचं तर जागच्या जागी थांबून बटण दाबून धरावं लागायचं. आता दोन स्टिकवर चालता चालता बघा. शॅडो ऑफ द कोलोसस पीएस 2 वर धापा टाकत चालायचा, 2018मध्ये पीएस 4 वर लोण्यासारखा चालला. माझ्या धाकट्या बहिणीने तोच खेळला. मूळ गेम 2005चा आहे हे तिच्या गावीही नव्हतं. शेवटी घळाघळा रडली. तिच्या रडण्याला तुमचं धुकं लागलं नाही.

ट्यूबवाला:
दोघंही भलत्याच गोष्टीवरून भांडताय. खरा घोटाळा टीव्हीचा आहे. मेगा ड्राइव्ह या जुन्या कन्सोलवरच्या सॉनिकमधला धबधबा बघा. तो उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा काढलाय. जुन्या वायरीने ट्यूबच्या टीव्हीला जोडला की पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं. आजच्या पडद्यावर? पट्टेरी चादर.

खडूस_खेळिया:
विषय रीमास्टरचा चाललाय हो, टीव्हीचा नाही.

ट्यूबवाला:
हाच तर विषय आहे! डक हंट या जुन्या नेमबाजीच्या गेमची बंदूक घ्या आणि सपाट टीव्हीवर बदक मारून दाखवा. जन्मात नाही जमणार. ती बंदूक ट्यूबच्या उजेडाच्या वेळेवर चालते. माझ्या खोलीत तो टीव्ही आहे म्हणून बायको रोज बोलते, "हा जाईल किंवा मी जाईन." अजून दोघंही आहेत.

हर्ट्झमामा:
टीव्हीवर आलाच आहात तर 50 हर्ट्झचंही निघू दे. 2018च्या प्लेस्टेशन क्लासिक या जुन्या गेमच्या छोट्या कन्सोलमध्ये 20 गेम, त्यातले 9 युरोपीय आवृत्तीचे, म्हणजे 50 हर्ट्झच्या टीव्हीसाठी केलेले. टेकेन 3 सुद्धा! सेकंदाला 60च्या जागी 50 फ्रेम. फायटिंग गेममध्ये हे करणारा माणूस आयुष्यात कधी कॉम्बो (लागोपाठ वारांची साखळी) खेळला असेल का? हातांना वेळ पाठ असते. बटण दाबलं की कळतं, काहीतरी चुकतंय.

दुसरा_कंट्रोलर:
आता ट्यूब, बंदूक, हर्ट्झ... मग नव्या पोरांनी काय करायचं? आधी मणभर वजनाचा टीव्ही शोधायचा आणि मग मारिओ खेळायचा? तुम्हाला गेम नकोच आहेत, तुम्हाला देव्हारा हवाय. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023मध्ये सांगितलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज सरळ बाजारात मिळतच नाहीत. फसलेला रीमास्टर निदान खेळता तरी येतो.

ट्यूबवाला:
देव्हारा म्हणा नाहीतर अडगळ. धबधबा माझ्याकडेच पारदर्शक दिसतो.

खडूस_खेळिया:
87 टक्के ना? मग त्यातले काढा की! द लास्ट ऑफ अस 2013 ला पीएस 3 वर, 2014 ला पीएस 4 वर, 2022 ला पुन्हा पीएस 5 वर. स्कायरिम किती वेळा आला हे मोजायचंही सोडलंय. जे सहज मिळतं तेच परत परत विकायचं, आणि वर म्हणायचं जतन!

आणि खरी मिरची पुढे आहे. ट्रिलजी काढताना आधी जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून उचलल्या. लोकांनी बोंब मारल्यावर पीसीच्या तरी रॉकस्टारच्या दुकानात परत ठेवाव्या लागल्या. वॉरक्राफ्ट 3 रीफोर्ज्ड आला तेव्हा तर ज्यांनी तो घेतलाच नव्हता त्यांचाही जुना गेम नव्या क्लायंटवर (गेम चालवणाऱ्या नव्या प्रोग्रामवर) ओढला. नवं वाईट निघालं तर निघू दे, आम्ही घेणार नाही. पण आमचं जुनं का हिसकावता?

मेट्रॉइडचं मान्य. घ्या, करा साजरं.

दुसरा_कंट्रोलर:
जुनं काढून घेण्याचं मीही मान्य करतो. पण मग हा धागा "कंपन्या दुकानातून गेम का काढतात" या नावाने काढायचा होता. तुम्ही काढलात "रीमास्टर वाईट असतात". रात्री पुन्हा कोलोसस लावतोय. धुक्याशिवाय.

हर्ट्झमामा:
कोलोससमध्ये धुकं आहे हो.

ट्यूबवाला:
ते असो. कोणाकडे मोठी ट्यूब पडून असेल तर फेकू नका, मला सांगा. उचलायला दोन माणसं लागतील, मी धरून.