दुबईतला फ्लॅट आणि इथून जाणारे पैसे : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-304 : नमस्कार मंडळी. शनिवारी इथल्या एका हॉटेलात दुबईच्या बिल्डरांचं प्रदर्शन आहे. 9 लाख दिरहमचा वन बेडरूम भाड्याने देण्यासाठी घ्यावा म्हणतोय, फक्त माझ्या नावावर. बुकिंगची रक्कम तिथेच क्रेडिट कार्डाने भरा म्हणतात. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा.

बी-701 : काका, कार्ड अजिबात पुढे करू नका. भारतात राहणाऱ्याने परदेशात घर घ्यायचं तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून, आपल्या खात्यातून बँकेमार्फतच जायला हवेत. पैसे पाठवायचा ए2 फॉर्म, पॅन आणि पैसे कशासाठी जातायत ते सांगणारा परपज कोड एस0005, म्हणजे परदेशातल्या स्थावरात गुंतवणूक. कोड बँकेवर सोडू नका, फॉर्मवर स्वतः वाचा. कुटुंबाचा खर्च किंवा प्रवास असा कोड पडला तर पुढे फ्लॅट कुठल्या पैशांतून घेतला हे दाखवताना कागद जुळत नाहीत.

बी-701 : दुसरं म्हणजे मर्यादा. माणशी एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर. दिरहम डॉलरला 3.6725 ला बांधलेला आहे, म्हणजे 9,18,125 दिरहम.

ए-304 : मग 9 लाखांचा बसतो की!

सी-1102 : नाही बसत काका. तयार फ्लॅट 9 लाखांचा असेल तर दुबई लँड डिपार्टमेंटची ट्रान्सफर फी 4 टक्के, म्हणजे 36,000. प्रथेप्रमाणे ती सगळी खरेदीदारच भरतो. एजंटचे 2 टक्के आणि त्यावर 5 टक्के व्हॅट, 18,900. हस्तांतरणाची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रेशन ट्रस्टीच्या ऑफिसचे व्हॅटसह 4,200 (5 लाख दिरहमच्या आत किंमत असेल तर निम्मे). इथपर्यंत 59,100 झाले. मालकी हक्काच्या दाखल्याची आणि इतर किरकोळ फी, शिवाय वीज-पाण्याची 2,000 ची अनामत. म्हणजे वर 62-63 हजार लागतात. एकट्याच्या नावावर एकाच वर्षात सगळं बसवायचं तर किंमत साडेआठ लाखांच्या वर जाऊ देऊ नका, किंवा काकूंचं नाव घाला.

बी-701 : काकूंचे पैसे वापरायचे तर त्यांचं नाव करारावर मालक म्हणून हवंच. मालक नसलेल्या नातेवाइकाची मर्यादा आपल्यात मिळवता येत नाही. त्यांच्या खात्यात पैसे तुम्हीच टाकले असतील तर त्या हिश्श्याचं भाडंही तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल.

ए-102 : टीसीएस कापतात म्हणे? किती?

बी-701 : टीसीएस म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. यावर नीट लक्ष द्या, बहुतेकांचं गणित इथेच कोलमडतं. वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्यावर 20 टक्के. ही 10 लाखांची सूट पॅनवर मोजतात, बँक बदलून पुन्हा मिळत नाही. हिशोबापुरता डॉलर 90 रुपये धरा. पूर्ण अडीच लाख डॉलर पाठवले तर 2.25 कोटी. त्यातले 10 लाख वजा, उरलेल्या 2.15 कोटींवर 43 लाख. हे 43 लाख फ्लॅटच्या पैशांव्यतिरिक्त, पैसे पाठवतानाच खात्यात हवेत. हा जादा कर नाही. ॲडव्हान्स टॅक्समध्ये वळता होतो किंवा रिटर्न भरल्यावर परत मिळतो. नोकरीवाल्यांनी ऑफिसात माहिती दिली तर पगारातला टीडीएस कमी करून घेता येतो. पण तोवर रक्कम अडकते. काकूंच्या पॅनवर कापलेला टीसीएस काकूंच्याच रिटर्नमधून सुटेल.

ए-102 : मी इथला दुसरा फ्लॅट विकून तिकडे घ्यायचा विचार करत होतो. घर विकून घर घेतलं की कर लागत नाही ना?

बी-701 : दुबईत घेतलं तर लागतो. ती सवलत भारतातल्या घरासाठीच आहे, 2014 च्या अर्थसंकल्पापासून कायद्यात तसं स्पष्ट आहे. आधी इथला भांडवली नफ्याचा कर काढा, मग उरतील ते पैसे मोजा. आणि इथली बँक एलआरएसने परदेशात घर घ्यायला कर्ज देऊ शकत नाही. ताब्यानंतर तीन-चार वर्षं हप्ते असल्या योजनांवर सही करण्याआधी ते फेमात (परकीय चलनाच्या कायद्यात) उधारी ठरतं का, हे सीएकडून लेखी घ्या.

ॲडमिन : टँकरचा मेसेज वर पिन केलाय. ही चर्चा चालू द्या, उपयोगाची आहे.

ए-304 : प्रदर्शनातले बहुतेक फ्लॅट बांधकाम चालू असलेले आहेत. तिथे काय बघायचं?

सी-1102 : एस्क्रो, म्हणजे त्या प्रकल्पासाठीच राखून ठेवलेलं खातं. 2007 च्या कायदा क्र. 8 प्रमाणे खरेदीदारांचे पैसे प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जायला हवेत. लँड डिपार्टमेंटच्या दुबई रेस्ट ॲपवर प्रकल्पाचं नाव टाका. नोंदणी, बांधकाम किती झालं, एस्क्रो तपशील तिथे मिळतात. मग बिल्डरने दिलेल्या कागदावरचा खातेधारक बघा. नावात प्रकल्प आणि एस्क्रो नसेल, नुसती एजन्सी किंवा बिल्डरची कंपनी असेल, तर थांबा. पैसे भरल्यावर ‘ऊकूद’ म्हणजे अंतरिम नोंदणी तुमच्या नावावर झालेली बघा. बिल्डरची पावती म्हणजे नोंदणी नव्हे.

सी-1102 : हप्ते थकले तर लँड डिपार्टमेंटमार्फत 30 दिवसांची नोटीस येते. त्यानंतर बांधकाम 60 टक्क्यांच्या आत असेल तर बिल्डर किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंत ठेवून घेऊ शकतो, त्याहून पुढे गेलं असेल तर 40 टक्क्यांपर्यंत. लक्षात घ्या, हे टक्के तुम्ही भरलेल्या रकमेचे नाहीत, फ्लॅटच्या किमतीचे आहेत. म्हणून हप्त्यांच्या तारखा एलआरएसच्या वर्षाशी लावून बघा. दोन मोठे हप्ते एकाच आर्थिक वर्षात आले आणि मर्यादा संपली, तर खिशात पैसे असूनही पाठवता येत नाहीत.

ए-304 : आणि गोल्डन व्हिसा?

सी-1102 : तिकडे दीर्घ मुदतीने राहायच्या त्या परवान्याला 20 लाख दिरहमची मालमत्ता लागते. दोघांची मिळून वर्षाची मर्यादा होते 18,36,250. एका वर्षात दोघांनाही जमत नाही. काही रक्कम 31 मार्चच्या आत आणि उरलेली 1 एप्रिलनंतर, अशी विभागणी करावी लागते.

बी-701 : त्यासाठी तिकडच्या खात्यात आगाऊ पैसे टाकून निवांत फ्लॅट शोधत बसू नका हं. 180 दिवसांत वापरले नाहीत तर परत आणावे लागतात.

बी-404 : तयार फ्लॅट घेतला तर तिकडे जावं लागतं का?

सी-1102 : ताई, मुखत्यारपत्र चालतं, पण वेळ ठेवा. इथे नोटरी, मंत्रालयात गृह विभाग, परराष्ट्र मंत्रालय, यूएईची वकिलात, शेवटी तिकडचं परराष्ट्र मंत्रालय आणि कायदेशीर अरबी भाषांतर. पासपोर्टवरच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी कागद परत येतो. बाकी क्रम असा : फॉर्म एफवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या करारावर सह्या, 10 टक्क्यांचा अनामत चेक, बिल्डरची एनओसी (ना हरकत दाखला), मग ट्रस्टीच्या ऑफिसात बँकेचा मॅनेजर्स चेक देऊन हस्तांतरण. एनओसी अडते ती मागच्या मालकाने इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज थकवल्यामुळे. तो चार्ज वर्षाला दर चौरस फुटावर असतो, भाड्यातून वजा करूनच परतावा काढा. प्रदर्शनातले आकडे बहुतेक तो न धरता दिलेले असतात.

बी-404 : भाड्यावर तिकडे कर नाही म्हणतात.

बी-701 : तिकडे नाही, इथे आहे. निवासी भारतीयाला ते भाडं इथल्या उत्पन्नात दाखवावं लागतं, घरभाड्याची 30 टक्के वजावट मिळते. आयटीआर-1 चालत नाही. रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, फ्लॅट आणि तिकडचं बँक खातं, दोन्ही लिहायचं. ते कॅलेंडर वर्षाने चालतं, म्हणून फेब्रुवारीत घेतलेला फ्लॅट पुढच्या रिटर्नमध्ये येतो. लिहायचं राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला 2024 पासून सूट आहे, पण त्यातून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे.

ए-304 : म्हणजे शनिवारी सही करायची नाही.

सी-1102 : नाही काका. माहितीपत्रक, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, एस्क्रो खात्याचा कागद आणि हप्त्यांचं वेळापत्रक तेवढं घेऊन या. रविवारी क्लबहाऊसमध्ये ॲपवर ताडून बघू. वारशासाठी डीआयएफसीत (दुबईच्या वित्तीय केंद्रात) मृत्युपत्र कसं नोंदवायचं तेही तेव्हाच बघू, काकूंनाही आणा.