संगीतातील ‘रेसिडेन्सी’ : नेमका अर्थ काय आणि मराठीत काय म्हणावे?

विचारणा : परदेशी गायकांविषयीच्या बातम्यांत ‘लास व्हेगासमध्ये अमुक गायिकेची रेसिडेन्सी सुरू झाली’ अशी वाक्ये वारंवार वाचायला मिळतात. रेसिडेन्सी म्हटले की मला इंदूरची रेसिडेन्सी कोठी आठवते, नाहीतर रुग्णालयातले निवासी डॉक्टर. संगीताच्या संदर्भात या शब्दाचा नेमका अर्थ काय होतो, आणि मराठीत ‘निवासी मैफल’ असे लिहिलेले चालेल का?

उत्तर : ‘निवासी मैफल’ हा प्रतिशब्द मला पटत नाही, कारण त्याने सगळा भर राहण्यावर पडतो आणि कलावंत कुठे राहतो याला इथे काहीच महत्त्व नाही. एकाच कलावंताने किंवा वाद्यवृंदाने एकाच रंगमंचावर, आधी जाहीर करून, काही आठवडे, महिने किंवा वर्षे सातत्याने सादर केलेले कार्यक्रम म्हणजे रेसिडेन्सी. दौऱ्यात कलावंत श्रोत्यांच्या गावी जातो. इथे श्रोते प्रवास करून त्याच्या गावी येतात. व्याख्येतला हा गाभा मानावा.

शब्द जुना आहे आणि त्याचा मान मात्र बदलत गेला आहे. आरंभी तो नोकरीचा शब्द होता. क्लब किंवा हॉटेल एखादा वाद्यवृंद पगारावर ठेवी आणि तो रोज संध्याकाळी वाजवी. ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद डिसेंबर 1927 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कॉटन क्लबमध्ये रुजू झाला आणि 1931 पर्यंत तिथे राहिला. वादक कृष्णवर्णीय आणि श्रोतृवर्ग गोऱ्यांचा, असा त्या क्लबचा अन्यायकारक नियम होता. तरीही तिथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणामुळे एलिंग्टन यांचे नाव अमेरिकाभर पोहोचले. बीटल्सनी 1960 मध्ये हॅम्बुर्गच्या इंद्रा क्लबमध्ये 48 रात्री वाजवले, तेव्हा त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. रोज कित्येक तास वाजवावे लागल्याने त्यांचा हात बसला. या अर्थाने रेसिडेन्सी ही वादकांची तालीमशाळाच होती.

मुंबईलाही ही पद्धत अपरिचित नव्हती. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा अमेरिकी जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, आणि 1939 पासून सुमारे दोन दशके तिथला वाद्यवृंद गोमंतकीय वंशाच्या मिकी कोरिया यांच्या हाती होता. याच ताजमध्ये वाजवणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातही वाजवत असत. मराठी श्रोत्यांनी ज्या चालींवर प्रेम केले, त्यांतला जॅझचा रंग काही अंशी या हॉटेलांतल्या रोजच्या वादनातून आलेला आहे, आणि म्हणून हा शब्द आपल्याला परका वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

लास व्हेगासमध्ये या शब्दाला पैशाचे वजन आले. 1955 मध्ये रिव्हिएरा हॉटेलाने पियानोवादक लिबराची यांना आठवड्याला 50,000 डॉलर दिले. कॅसिनोचे गणित सरळ होते : गाणे ऐकायला आलेला माणूस तिथेच उतरतो, जेवतो आणि जुगारही खेळतो. एल्विस प्रेस्ली 1956 मध्ये तिथे दोन आठवडे गायले, पण प्रतिसाद थंड होता. 31 जुलै 1969 रोजी इंटरनॅशनल हॉटेलात ते परतले, चार आठवड्यांत त्यांनी 57 कार्यक्रम केले, आणि 1976 पर्यंत त्याच रंगमंचावरील त्यांच्या कार्यक्रमांची संख्या 600 च्या पुढे गेली. तरीही व्हेगासमध्ये ठाण मांडणे म्हणजे कारकीर्द उतरणीला लागणे, असा समज पुढे रूढ झाला. तो मोडला सेलीन डिऑन यांनी. मार्च 2003 ते डिसेंबर 2007 या काळात, खास त्यांच्यासाठी बांधलेल्या सुमारे 4,300 आसनांच्या ‘कोलोसियम’ या तिथल्या सभागृहात त्यांनी 700 हून अधिक कार्यक्रम केले. रंगमंच हलवायचा नसल्यामुळे दौऱ्यात नेता येणार नाही असा अवाढव्य पडदा आणि देखावा त्यांना वापरता आला. आज बातम्यांत येणारा अर्थ प्रामुख्याने इथून सुरू होतो.

प्रतिशब्द म्हणून मी ‘मुक्काम’ सुचवतो. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांनी हाच शब्द वापरला : कंपनीचा मुक्काम पुण्याला आहे, म्हणजे तिथे नाटकांचे प्रयोग चालू आहेत. मुळात हा अरबी शब्द आहे, आणि अरबी संगीतातील स्वरपद्धतीचे ‘मकाम’ हे नावही त्याच धातूपासून आलेले आहे.

शंका : मुक्काम हा दोन प्रवासांच्या मधला असतो. बिली जोएल यांनी जानेवारी 2014 ते जुलै 2024 न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये साधारण महिन्याला एक कार्यक्रम केला. ते जवळच्याच लाँग आयलंडचे. घरून येऊन गाऊन परत जाणाऱ्याचा मुक्काम कसा म्हणावा? त्यापेक्षा ‘रतीब’ बरा नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे. मात्र पत्त्यातल्या ‘मु. पो.’ मधला मुक्काम कायमच्या वास्तव्याचाच असतो, तेव्हा प्रवासाची अट या शब्दाला सर्वत्र लागू होत नाही. ‘रतीब’ नियमितपणा अचूक दाखवतो, पण ‘लेखांचा रतीब घातला’ असे आपण नावे ठेवतानाच म्हणतो, आणि दहा वर्षे सभागृह भरवणाऱ्या गायकाला तो शब्द लावणे मला रुचत नाही. तमाशातही हाच भेद आहे : ढोलकीफड गावोगाव फिरतो, तर संगीतबारीच्या पार्ट्या, म्हणजे कलावंतांचे संच, थिएटरातच राहतात आणि रसिक तिथे येतात. पण ‘बारी’ हा शब्द त्या कलेशी इतका एकजीव झाला आहे की तो उचलून दुसरीकडे चिकटवू नये. सेलीन डिऑन यांनी कोलोसियममध्ये ‘मुक्काम केला’ असे मी निःशंक लिहीन. जोएल यांच्यासाठी ‘गार्डनमधील मासिक मैफल’ असे सरळ लिहीन.