आमदाराने नाल्यावर बोलायचं की विधेयकावर?

खाडीकाठचा (ऐरोली)
आमच्या आमदारांनी अधिवेशनाचा लेखाजोखा टाकलाय. इतक्या लक्षवेधी सूचना लावल्या, अमुक मंत्र्यांना निवेदन दिलं, नाल्याच्या कामाला गती दिली. शेवटी सूर असा की कायद्याचा कीस कुणीही काढावा, सामान्य माणसाला नळाला पाणी हवं. हे वाचून गप्प बसवेना.

नाला पालिकेचा विषय आहे. आमदाराला आपण पाठवतो ते कायदे करायला. जुलै 2025 चं पावसाळी अधिवेशन आठवा. नक्षलवादाला आळा घालायचा म्हणून आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या. 10 तारखेला ते विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. 288 जणांच्या सभागृहात ठाम विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी, एकट्याने. बाकीच्या विरोधकांना दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत सभात्याग सुचला. त्याच अधिवेशनात 57 हजार 509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, मांडल्या गेल्या. आमच्या आमदारांच्या लेखाजोख्यात यातल्या कशावरही अवाक्षर नाही. विधेयकाच्या बाजूने असाल तर तसं लिहा, का ते सांगा. ते वाचलं तरी होतं का, एवढंच मला कळायला हवंय.

सेक्टर पंधरा (कोपरखैरणे)
वाचून काय उजेड पडला असता? व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, निघाला की विषय संपला. 1985 पासून पक्षांतरबंदी आहे, व्हीप मोडला तर आमदारकी जाते. आणि नाला पालिकेचा म्हणता, पण 2020 ला पालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच होता. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं, मीटरच्या पेट्या बुडायला आल्या, लिफ्ट बंद, तिसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनवरचे आजोबा. रात्री दीडला कुणाला फोन करायचा? आमदारांच्या ऑफिसमधला मुलगा पंप घेऊन आला. त्या रात्री कायदा कामाला आला नाही, पंप आला.

जुना कारकून (ठाणे पूर्व)
व्हीपचं अर्धंच सांगताय. व्हीप मताला बांधतो, तोंडाला नाही. सत्ताधारी आमदारसुद्धा कलमावर बोलू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. आवाजी मतदानात कोण कुठल्या बाजूला होतं ते कागदावर येत नाही. मतविभागणी मागितली तरच नावं नोंदली जातात. ती मागायची कुणालाच गरज वाटली नाही, हे मला जास्त खटकतं. बोलून काही होत नाही हेही खोटं. याच विधेयकात दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीनंतर ‘व्यक्ती आणि संघटना’ हा मोघम उल्लेख जाऊन कडव्या डाव्या संघटनांचा आला, आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे राहिला नाही. समितीत कुणीतरी भांडलं असेल तेव्हाच ना?

घोडबंदरची
कुणी आमदार घोडबंदर रोडवर बोलला तर मला तो लेखाजोखा चालेल. गायमुख घाटात काम निघालं की पार आमच्यापर्यंत रांग लागते. लेकीच्या परीक्षेला कासारवडवलीला रिक्षा सोडली आणि मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेने दोघी धावलो. पेपर सुरू झाला होता. विधेयकं महत्त्वाची असतील, मी नाही म्हणत नाही. पण मला आधी घराबाहेर पडता येऊ दे.

गोठिवलीकर
कायद्यावरच बोलायचं ना? मग आमच्या घरांवर बोला. या नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या. 1984 ला जासईला जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचं, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचे भूखंड परत द्यायचं, बघू म्हणाले, आणि ते हातात पडायला पुढची पिढी लागली. गावठाण वाढवून दिलं नाही. भावाभावांची लग्नं झाल्यावर घर बांधायचं कुठे? म्हणून गरजेपोटी बांधलं. आजीच्या घराच्या दाराला नोटीस चिकटवली तेव्हा ती ओटीवर मासळी निवडत होती. तिला वाचता येत नाही. मला विचारते, कोणाचं लग्न?

सेक्टर पंधरा
आजीच्या घराबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण चार मजले, खाली गाळे आणि वर भाडेकरू, ही कसली गरज? आम्ही वीस वर्षं हप्ते फेडतोय, मालमत्ता कर भरतोय, आणि आमच्याच लाइनवरून पाणी जातं.

गोठिवलीकर
तुमची लाइन? ती ज्या जमिनीतून जाते ती कोणाची होती? भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीत जाळं टाकलं तर प्लास्टिक येतं. भाडं खाऊ नको तर काय खाऊ? सातबाऱ्यावर आमची नावं होती तेव्हा तुमचा सेक्टर नकाशातसुद्धा नव्हता.

सेक्टर पंधरा
म्हणजे आम्ही उपरे? पस्तीस वर्षं इथे काढली, पोरं इथे जन्मली. नीट बोला.

खाडीकाठचा
दोघेही थांबा, कारण हे माझ्याच मुद्द्यावर येतंय. 2022 ला गावठाणापासून 250 मीटरपर्यंतची गरजेपोटीची घरं नियमित करायचा शासन निर्णय निघाला, पेढे वाटले गेले. शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे. दिघ्याच्या बेकायदा इमारती वाचवायचं धोरण उच्च न्यायालयात टिकलं नाही, शेवटी 2017 ला नगररचना कायद्यात अशी बांधकामं नियमित करणारं 52 अ हे कलम घालावं लागलं. आजीचं घर वाचवायचं तर सभागृहातच जावं लागणार, आणि तिथे कलम वाचणारा आमदार लागणार. फोटो काढून ते होत नाही.

गोठिवलीकर
तेवढं खरं आहे, मान्य. पण त्या 52 अ मध्येही 2015 च्या अखेरपर्यंतच्याच बांधकामांची मुदत घातली. ती घातली तेव्हा आमचा कोण उठून बोलला?

जुना कारकून
सभागृहाचं कामकाज छापून येतं, काढून बघता येईल. आणि सरकार आणत नसेल तर कुठलाही आमदार स्वतःचं अशासकीय विधेयक मांडू शकतो. मंजूर क्वचितच होतं, पण चर्चेला आलं तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

सेक्टर पंधरा
मग सांगा त्यांना मांडायला. राहत्या घरांपुरतं असेल तर माझी सही घ्या. गाळे त्यात घुसवले तर पहिली हरकत माझी.

गोठिवलीकर
घ्या हरकत. समितीपुढे या आणि माझ्यासमोर घ्या. पालिकेत निनावी अर्ज टाकू नका, एवढंच.